एकच वाचक

गोव्यातील एखाद्या देवस्थानच्या जत्रेनंतरची सकाळ वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. रात्रभर जागलेला एक महाविद्यालयीन तरुण अग्रशाळेच्या ओसरीवर बसून सोबत्यांना रात्रीची हकीगत सांगत असतो. पालखी कोठे अडली, दीपमाळेपाशी कोणाची चुकामूक झाली, नाटकात ऐन वेळी कोणत्या नटाची मिशी गळून पडली, हे सारे तो अशा रंगात सांगतो की ऐकणाऱ्यांच्या हातातला चहा निवून जातो. त्या सांगण्याला क्रम असतो, ओघ असतो, आणि समोरच्याचा चेहरा पाहून कोठे थांबावे याची नेमकी जाणीवही असते. महिनाभराने हाच तरुण परीक्षागृहात बसतो. आपल्या गावच्या उत्सवावर इंग्रजीत निबंध लिहावा, असे प्रश्नपत्रिकेत छापलेले असते. तो एक वाक्य लिहितो आणि खोडतो. तेच वाक्य दुसऱ्या रीतीने लिहितो, तेही खोडतो. तळहाताला घाम सुटतो, घड्याळाचा काटा पुढे सरकतो, आणि शेवटी सणांचे राष्ट्रीय जीवनातील महत्त्व सांगणारा, कोणत्या तरी मार्गदर्शकातून पाठ केलेला निबंध तो मुकाट्याने उतरवून देतो. त्या निबंधात पालखी नसते, दीपमाळ नसते आणि गळून पडलेली मिशी तर नसतेच.

ओसरीवरचा निवेदक परीक्षागृहात कोठे नाहीसा झाला, हा या लेखाचा विषय आहे. त्याला इंग्रजी येत नाही, हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. परंतु ते पुरेसे नाही. येणाऱ्या इंग्रजीत जेवढे सांगता आले असते, तेवढेही त्याने सांगितले नाही. जे होते तेही त्याने लपवले. अज्ञानाने माणूस अडखळतो हे खरे. पण जवळ असलेले लपवून ठेवावयास त्याला भयच लावते. या भयाची समीक्षा आपल्याकडे फारशी झालेली नाही. शिक्षक त्याला आळस म्हणतात, पालक त्याला माध्यमाचा दोष म्हणतात, आणि विद्यार्थी त्याला स्वतःची लायकी समजतो. तिघांपैकी सर्वांत मोठे नुकसान अर्थातच तिसऱ्याचे होते.

मानसशास्त्राने या अवस्थेची मोजदाद करण्याचा प्रयत्न केला आहे. जॉन डेली आणि मायकेल मिलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली लेखनभय मोजण्यासाठी २६ विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली. ती मातृभाषेतून लिहिणाऱ्यांसाठी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे कोऱ्या कागदाची धास्ती केवळ परभाषेपुरती नाही. पुढे २००४ साली तैवानमधील संशोधिका युह-शो चेंग यांनी दुसऱ्या भाषेतून लिहिणाऱ्यांसाठी २२ विधानांची निराळी प्रश्नावली तयार केली आणि या भयाचे तीन पदर वेगळे केले. पहिला पदर विचारांचा: लोक काय म्हणतील, गुण किती मिळतील. दुसरा शरीराचा: छाती धडधडणे, डोके रिकामे होणे. तिसरा टाळाटाळीचा: इंग्रजीत लिहावे लागेल अशा प्रसंगापासूनच दूर राहणे. आपल्या तरुणाने एका तासात हे तिन्ही अनुभवले. मात्र प्रश्नावली भय किती आहे हे सांगते. ते कोठून आले हे सांगण्यासाठी माणसाने लिहिलेली पाने वाचावी लागतात. तसे वाचन एका इंग्रजी शिक्षिकेने न्यूयॉर्क शहरात केले. तिच्या ग्रंथाचा परिचय आपल्याकडील शिक्षकांना अभावानेच असतो, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने करून देतो.

न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७० साली आपली दारे शहरातील माध्यमिक शिक्षण पुरे केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला उघडी केली. त्या दारांतून कृष्णवर्णीय कुटुंबांतील, पोर्टोरिकोहून आलेल्या घरांतील, नाना देशांतून स्थलांतर केलेल्या कामगारांची अशी हजारो मुले आत आली. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच, असे त्यांतले कितीतरी होते. त्यांचे पहिले निबंध हाती आले, तेव्हा अध्यापकवर्ग हबकला. मिना शॉनेसी या त्यांपैकीच एक. त्या निबंधांपुढे आपण एकट्याच सुन्न होऊन बसलो होतो आणि कोठून सुरुवात करावी हेही कळत नव्हते, असे त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी प्रांजळपणे नमूद केले आहे. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. १९७० ते १९७४ या काळातील प्रवेशपरीक्षेचे सुमारे ४,००० निबंध त्यांनी वाचून काढले आणि त्यातून १९७७ साली 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ सिद्ध झाला. चुका आणि अपेक्षा, असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, त्यांचा मृत्यू झाला.

ग्रंथाची रचना शाळामास्तरी वाटावी इतकी साधी आहे. हस्ताक्षर व विरामचिन्हे, वाक्यरचना, नित्याच्या चुका, वर्णलेखन, शब्दसंग्रह, वाक्यापलीकडची मांडणी, आणि अखेरीस अपेक्षा, अशी प्रकरणे एकामागून एक येतात. त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला हे चुकांचे कोष्टक वाटेल. वस्तुतः यातील दृष्टी कोष्टकाच्या अगदी उलट आहे. शॉनेसी यांचा मूळ सिद्धान्त असा की, या मुलांच्या चुका मनमानी नाहीत. प्रत्येक चुकीमागे एक विचार, एक नियम, कधी अर्धवट कळलेला तर कधी गरजेपेक्षा जास्त ताणलेला, उभा असतो. चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या बुद्धीने काम केल्याची खूण. वाचणाऱ्याला तो नियम दिसला, तर चूक दुरुस्त करता येते; न दिसला, तर नुसती तांबडी शाई खर्च होते.

याहून मार्मिक आहे ते त्यांचे भयाविषयीचे निरीक्षण. एका विद्यार्थ्याने एकच निबंध पुनःपुन्हा कसा सुरू केला, याचा नमुना त्यांनी दिला आहे. पहिला आरंभ सदोष असला तरी त्यात काही सांगण्याची ऊर्मी आहे. दुसऱ्यात तो शब्द मागेपुढे करतो, तिसऱ्यात सावधपणाचा एक तुकडा जोडतो, आणि असे करता करता दहाव्या आरंभापर्यंत मूळची ऊर्मी विझून एक निर्जीव, सर्वमान्य विधान तेवढे शिल्लक राहते. हा विद्यार्थी आळशी म्हणावा, तर एका वाक्यासाठी दहा वेळा धडपडणारा आळशी कोणी पाहिला आहे? आपण लिहू तसतसे आपले अज्ञान उघडे पडत जाणार आहे, ही त्याची खात्री होती. लेखन म्हणजे त्याच्या दृष्टीने काही सांगण्याचे साधन नव्हते. पकडले जाण्याची जागा होती.

हा ग्रंथ वाचताना पुनःपुन्हा वाटत राहते की, हेच वाचन आपल्या विद्यार्थ्यांच्या पानांवर करून पाहावे. तसे करून पाहिले तर काय दिसते, याची दोनचार उदाहरणे घेऊ. आपला विद्यार्थी लिहितो: 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो.' परीक्षक 'आय' या शब्दाभोवती वर्तुळ काढतो, कारण येणारा 'तो' आहे. आता मराठी पाहा. 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्या दुसऱ्याच्याच तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. 'मी' हा सांगणाऱ्याचा नसून बोलणाऱ्याचा, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. कोंकणीही तेच करते. इंग्रजी मात्र पुरुष बदलते, काळ बदलते, 'उद्या'चा 'दुसरा दिवस' करते. विद्यार्थ्याने येथे एक नियम काटेकोरपणे पाळला आहे. तो दुसऱ्या घरचा आहे, एवढेच. ही गोष्ट त्याला एकदा नीट समजावून दिली, तर पुढची पन्नास वर्तुळे वाचतील.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 'देवळात जाऊन, दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन घरी आलो' हे निर्दोष, घोटीव मराठी वाक्य होय. कोंकणीत 'देवळांत वचून, दर्शन घेवन, प्रसाद घेवन घरा आयलों' म्हटले, तरी घडण तीच. क्रियांची माळ ओवीत जावे आणि शेवटच्या एका क्रियापदाशी गाठ मारावी, ही आपल्या भाषांची जुनी चाल आहे. कर्ता तर क्रियापदाच्या पोटातच असतो. 'मी' असे वेगळे सांगण्याची गरज पडत नाही. हीच माळ इंग्रजीत नेली की तुकडे पडतात: 'गोइंग टु टेंपल, टेकिंग दर्शन, टेकिंग प्रसाद, केम होम.' कर्ता हरवला आणि वाक्य अपुरे राहिले, असा शेरा पडतो. शेरा खोटा नाही. पण त्या अपुऱ्या वाक्याखाली एक पुरे वाक्य आहे, आणि ते पुरे वाक्य रचणारा मुलगा भाषेत कच्चा नाही, ही गोष्ट शेरा मारणाऱ्याला दिसली पाहिजे.

'द' या उपपदाचे तर विचारूच नका. मराठी-कोंकणीत त्याला जोड नाही. ते कोठे हवे आणि कोठे नको, हे विद्यार्थ्याला कळत नाही. म्हणून एक तर तो ते सर्वत्र वगळतो, किंवा प्रसादाच्या प्रत्येक द्रोणावर तुळशीपत्र ठेवावे तसे प्रत्येक नामावर ठेवीत जातो. ही दुसरी तऱ्हा भयाची आहे. शॉनेसी यांना न्यूयॉर्कमध्ये असेच दिसले: शिक्षा टाळण्यासाठी मुले प्रत्यय नको तेथेही लावतात. विरामचिन्हांविषयी अडखळणाऱ्या मुलाला आपण हसतो. परंतु आपल्या पणजोबांच्या मोडी पत्रांत स्वल्पविराम नव्हते आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसे. विरामचिन्हांची शिस्त मराठीत एकोणिसाव्या शतकात आली, आणि ती रुळविण्यात मेजर कँडी या इंग्रज पंडिताचा मोठा वाटा होता. आख्ख्या भाषेला जी शिस्त अंगी बाणवावयास काही दशके लागली, ती एका मुलाला तीन वर्षांत सहज यावी, ही अपेक्षा जरा कठोरच नव्हे काय?

ग्रंथाचे मोल असे मोठे असले, तरी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. शॉनेसी यांच्या विद्यार्थ्यांच्या भोवती इंग्रजीचा समुद्र होता. दुकानात, रस्त्यावर, आकाशवाणीवर तीच भाषा कानी पडत होती. आपल्याकडे बहुसंख्य विद्यार्थ्यांना इंग्रजी भेटते ती वर्गात आणि पुस्तकात. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. चूक कशी घडते हे त्यांनी अपार सहानुभूतीने सांगितले. पण मुलाच्या घरची भाषा आणि विद्यापीठाची भाषा यांत जो झगडा चालतो, त्याकडे त्यांनी पुरेसे पाहिले नाही. विद्यापीठाची भाषा नीट आत्मसात झाली की प्रश्न मिटला, असा त्यांचा काहीसा ग्रह दिसतो. हा आक्षेप १९९१ साली मिन-झान लू या विदुषीने घेतला, आणि तो घेण्याचा तिला अधिकार होता, कारण ती स्वतः या झगड्यातून गेली होती.

लू यांचे बालपण शांघायमध्ये गेले. घरात आईवडिलांनी इंग्रजीला मानाचे स्थान दिले होते, नोकरचाकरांशी शांघायची बोली चाले, आणि शाळेत प्रमाण चिनी भाषा व तिच्या अनुषंगाने येणारी क्रांतीची परिभाषा. मुलगी लहान होती तोवर या भाषा आपापल्या जागी सुखाने नांदल्या. पुढे शाळेसाठी एका कादंबरीवर लिहिताना घरी शिकलेली भावना आणि शाळेत शिकलेला निकष एकमेकांस छेदू लागले. एक वाक्य घरचे उमटे, ते पुसून शाळेचे लिहावे, तर तेही खोटे वाटे. हळूहळू लेखन हाच तिचा धसका झाला. या अनुभवावरचा तिचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला. भाषा म्हणजे हवे तेव्हा उचलावे आणि हवे तेव्हा ठेवावे असे हत्यार, ही घरची शिकवण आपणास नडली, असा त्याचा मथितार्थ आहे. भाषा आपल्या आत एकमेकींशी बोलत असतात, भांडत असतात; त्या भांडणाला लेखनात वाट दिली तर ते लेखन समृद्ध होते, आणि कुलूप घातले तर लिहिणारा मुका होतो.

ही शांघायची कथा आपल्या वाचकांस परकी वाटू नये. गोव्यातील हिंदू कुटुंबात घरी कोंकणी, देवळात आणि पोथीत मराठी, शाळेत मराठी अथवा इंग्रजी, आणि १९६१ पर्यंत सरकारदरबारी पोर्तुगीज, अशी व्यवस्था होती. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये निघाली. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले, आणि उच्च शिक्षणाची लेखनभाषा म्हणून इंग्रजी कायम झाली. बेळगावच्या मुलाला मराठीच्या जोडीला कन्नड आहे, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदी, बडोद्याच्या मुलाला गुजराती. हैदराबादेत तर १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण दिले. तेथे गेलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याने मराठीत विचार केला, उर्दूत उत्तरपत्रिका लिहिली आणि इंग्रजी हा सक्तीचा विषयही पार पाडला. अशा मुलाच्या मनात तीन-चार भाषांचे बिऱ्हाड असते. शाळा मात्र त्याला सांगते की, इंग्रजीच्या तासाला बाकीच्या खोल्यांना कुलूप लावून ये. पालखीची हकीगत त्या कुलूपबंद खोलीत राहते, आणि परीक्षागृहात तो रित्या हातांनी बसतो.

आपल्या परंपरेने या खोल्या नेहमीच अशा बंद ठेवल्या होत्या असे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा एकाच पानावर एक रकाना मराठीचा आणि शेजारचा इंग्रजीचा होता. कोकणातल्या पोंभुर्ल्याहून आलेला हा तरुण पंडित दोन्ही रकान्यांत एकाच वाचकवर्गाशी बोलत होता. इंग्रजी रकाना त्याने गुण मिळविण्यासाठी भरला नव्हता, कोणास तरी काही कळवावयाचे होते म्हणून भरला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढून मराठी गद्याला जी ऐट दिली, तिच्या मागे त्यांचे इंग्रजी ग्रंथांचे वाचन होते. आणि याच मराठीच्या अभिमान्याने १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत पुढाकार घेतला. इंग्रजीचा आपल्या भाषेवर कसा परिणाम झाला, याची चिकित्सा भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीत केली, आणि त्यांचा तो ग्रंथ १९९० साली पणजीहून प्रकाशित झाला, ही गोष्टही येथे सहज आठवते.

मग कुलूप कोणी घातले? त्याचा थोडा दोष, नाइलाजाने म्हणावे लागते, आपल्या लाडक्या तर्खडकरांच्या पाठमालेकडे जातो. द्वारकानाथ रघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीची वाट दाखविली; तिचे ऋण मानलेच पाहिजे. तिचा मोठा गुण हा की, ती मराठीला हाताशी धरून इंग्रजीकडे नेते. परंतु तिच्यातील वाक्ये सुटी असतात. कोणी कोणाला उद्देशून का बोलते आहे, याचा पत्ता नसतो. विद्यार्थी निर्दोष वाक्य करावयास शिकतो. त्या वाक्याने काही सांगावयास शिकत नाही. पुढे परीक्षापद्धतीने पाठमालेतला मराठीचा हात काढून घेतला आणि सुटे वाक्य मात्र ठेवले. 'तर्खडकरी इंग्रजी' या शब्दात आज जो थट्टेचा सूर आहे, तो खरे तर त्या परीक्षापद्धतीला लागावयास हवा.

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. आपल्या विद्यार्थ्याने शाळेत आणि महाविद्यालयात मिळून इंग्रजीत जी काही पाने लिहिली, ती सर्व एकाच प्रकारच्या वाचकाने वाचली. तो वाचक म्हणजे परीक्षक. हा वाचक विलक्षण आहे. लेखक काय सांगणार हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे त्याला काही जाणून घ्यावयाचे नसते. तो हसत नाही, चकित होत नाही, पुढे काय झाले असे विचारीत नाही. तो चुका मोजतो. जन्मभर असा एकच वाचक लाभलेल्या माणसाने लेखनाला सापळा समजावे, यात नवल कसले? कीर्तनकाराला समोरच्या सभामंडपात केवळ त्याचे स्वरदोष टिपून घेणारे श्रोते मिळाले, तर पूर्वरंगातच त्याचा घसा सुकेल. उत्तररंगापर्यंत तो पोहोचणारच नाही. ओसरीवर त्या तरुणाला ऐकणारे होते, परीक्षागृहात फक्त तपासणारा होता. त्याचे भय इंग्रजीचे आहे असे आपण समजतो. ते या एकुलत्या एका वाचकाचे भय आहे.

ज्यांनी हे भय ओलांडले त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हेच दिसते. बडोद्यात जन्मलेले दिलीप चित्रे मराठीत कवी होते आणि इंग्रजीतही. तुकोबांना त्यांनी इंग्रजी वाचकापुढे नेले, तो ग्रंथ १९९१ सालचा. अरुण कोलटकरांनी खंडोबाच्या जेजुरीवर इंग्रजीत काव्य लिहिले आणि १९७६ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांची मराठी कविता तितकीच अस्सल आहे. किरण नगरकर १९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' घेऊन मराठीत आले आणि १९९५ साली 'रावण अँड एडी' घेऊन इंग्रजीत गेले. बेळगावशी नाते असलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत राहिले आणि कथा मराठीतच लिहीत राहिले. कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्याही त्यांनी मराठीत आणल्या. ही माणसे प्रतिभावंत होती हे उघड आहे. प्रतिभा वाटून देता येत नाही. पण त्यांनी आपल्या भाषांमधली दारे उघडी ठेवली आणि परीक्षकाहून निराळा वाचक डोळ्यांपुढे ठेवला, या दोन गोष्टी सामान्य विद्यार्थ्यालाही देता येतात.

त्या कशा द्याव्यात? पहिली गोष्ट, विचार मातृभाषेत करू द्यावा. ॲलेक्झांडर फ्रीडलँडर यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना पितरांच्या स्मरणाचा छिंगमिंग हा आपला सण घेऊन इंग्रजीत लिहावयास सांगितले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ज्यांनी या विषयाची टिपणे चिनी भाषेत काढली त्यांचे इंग्रजी लेखन अधिक सकस उतरले. अनुभव ज्या भाषेत आला, त्याच भाषेत त्याची जुळणी केलेली बरी. आपल्या विद्यार्थ्याने पालखीचा आराखडा कोंकणीत अथवा मराठीत का करू नये? दुसरी गोष्ट, तांबड्या शाईचा संयम. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणदोष दुरुस्त करण्याचा उपयोग नाही, उलट अपाय होतो, असा टोकाचा पक्ष मांडला. १९९९ साली डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिले. ट्रस्कॉट यांचा पक्ष आम्हांस संपूर्ण मान्य नाही. दुरुस्ती मागणारा विद्यार्थी आपण रोज पाहतो. परंतु एका पानावर चाळीस वर्तुळे काढणे आणि एका चुकीचा नियम समजावून देणे, यांतले दुसरे निःसंशय अधिक फलदायी आहे. तिसरी गोष्ट, गुणांशिवायचे लेखन. वर्षाकाठी लिहिलेल्या पानांपैकी निम्मी तरी अशी असावीत की ती कोणी तपासणार नाही, फक्त वाचील.

शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांचा वर्ग सांभाळणारा अध्यापक यावर म्हणेल, हे सारे ठीक, पण वेळ कोठे आहे? त्याची अडचण खरी आहे, आणि ती दूर करणे शासनाचे व संस्थाचालकांचे काम आहे. मात्र अध्यापकाने वेळ दिला नाही, तर आज विद्यार्थ्याला दुसरा आसरा मिळाला आहे. २०२२ सालच्या अखेरीपासून मागाल त्या विषयावर निर्दोष इंग्रजी निबंध क्षणार्धात लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. पूर्वी पाठ केलेला निबंध उतरवावा लागे. आता तेवढेही कष्ट नाहीत. पानावर एकही वर्तुळ पडत नाही आणि भय जेथल्या तेथे राहते, उलट अधिक खोल रुतते. कारण आता यंत्राच्या निर्दोष पानाशी आपल्या अडखळत्या वाक्याची तुलना होऊ लागते. तांबडी शाई हेच ज्या व्यवस्थेचे सर्वस्व होते, तिला या यंत्रापुढे उत्तर उरलेले नाही. पालखी कोठे अडली, हे यंत्राला ठाऊक नाही. ते ठाऊक असलेल्या मुलाला त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऐकून घेणारा वाचक मिळाला, तरच त्याला स्वतः लिहिण्याचे कारण उरेल.

असा वाचक कोठून आणावा, याचे एक उत्तर आपल्या वाचकांच्या अगदी अंगणात आहे. गोव्यातील देवळांत देशोदेशींचे आणि परप्रांतीचे लोक येतात. दीपमाळ म्हणजे काय, तळी कशासाठी, पालखी कोणत्या वारी निघते, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे असते आणि मराठी-कोंकणी त्यांना येत नाही. देवस्थानच्या महाजनांनी आणि गावच्या वाचनालयांनी महाविद्यालयातील मुलामुलींना बोलावून सांगावे की, आपल्या देवळाची माहिती तुम्ही इंग्रजीत लिहा. आधी वडीलधाऱ्यांकडून कोंकणीत ऐका, मराठीत टिपून घ्या, मग इंग्रजीत मांडा. एखाद्या जाणत्याने ती नजरेखालून घालावी आणि मंडपाच्या खांबाला लावावी. ते पान वाचून एखादा परका यात्रेकरू दीपमाळेकडे मान वर करून पाहील. त्या मुलाला आयुष्यात प्रथमच असा वाचक भेटेल, ज्याला त्याच्या इंग्रजीतून काहीतरी हवे आहे. एखादे उपपद चुकलेले असेल; ते पुढच्या वर्षी दुरुस्त होईल. ओसरीवरचा तो निवेदक मात्र त्या दिवशी कागदावर आलेला असेल, आणि एकदा आलेला निवेदक परीक्षागृहाच्या दाराशी सहसा माघारी वळत नाही.